आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही : मल्ल, मेद आणि हृदय

व्यायामाने मेद झिजतो व हृदय बलवान होते, हे वाक्य आपण सर्व वैद्य रुग्णांस दररोज ऐकवितो. ते खरेही आहे. परंतु याच वाक्यावर विसंबून आमच्या हातून एक चूक घडली. ती येथे प्रथम नमूद करणे आम्हांस योग्य वाटते, कारण तशीच चूक व्यवसायबंधूंच्या हातूनही घडण्याचा संभव आहे.

काही वर्षांपूर्वी ४८ वर्षे वयाचे एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. तरुणपणी कोल्हापुरातील तालमीत राहून त्यांनी बारा वर्षे कुस्ती केली होती. छातीच्या मध्यभागी जळजळ होते, जेवणानंतर शेताचा चढ चढताना जडपणा येतो, थांबले व ढेकर आला म्हणजे बरे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. भरदार मान, रुंद छाती, नाडी मंद व बलवान. आम्ही हृदयाविषयी एक-दोन प्रश्न विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टर, तालमीतलं शरीर हाय. मला काय हुतंय?" आम्हीही हसलो, अम्लपित्ताचे निदान केले, अविपत्तिकर चूर्ण व कामदुधा दिली आणि तिखट कमी करण्यास सांगितले. नवव्या दिवशी मध्यरात्री त्यांना तीव्र हृद्‌रोगाचा झटका आला. घरच्यांनी वेळेत रुग्णालयात नेले, बंद रक्तवाहिनी उघडण्यात आली व ते वाचले. त्या वेळच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड ३४०, एच.डी.एल. ३१ व एल.डी.एल. १६३ असे आकडे आले. चढ चढताना येणारा व थांबल्यावर जाणारा जडपणा त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. आम्ही तो ऐकला नाही, कारण आमची दृष्टी त्यांच्या मानेवर व खांद्यांवर खिळली होती.

'आखाडा कधी सोडला?' हा एक प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता. त्यांनी तो सोळा वर्षांपूर्वी सोडला होता.

मेहनत चालू असताना

तालमीतील दिनक्रम आपल्या भागातील वैद्यांस अपरिचित नाही. पहाटे चारच्या सुमारास उठून जोर, बैठका, सपाटे, त्यानंतर हौद्यात लढत. सायंकाळी पुन्हा मेहनत. पाच-सहा तासांच्या या श्रमात शरीरात काय घडते, ते आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने बरेच स्पष्ट केले आहे. स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्तींवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर असते. श्रमाने ते कार्यप्रवण होते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडयुक्त कण फोडून स्नायूंस इंधन पुरविते. परिणामी ट्रायग्लिसराइड घटते व एच.डी.एल. काही अंशी वाढते. मात्र येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, हा परिणाम एका व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून तो रोज नव्याने कमवावा लागतो. दुसरी, एल.डी.एल. हे केवळ व्यायामाने फारसे खाली येत नाही. वजन घटले किंवा आहार बदलला तरच त्यात म्हणण्यासारखा फरक पडतो. ज्यांच्या कुळातच एल.डी.एल. अतिशय वाढलेले असते, त्यांना तर हजार जोरांनीही ते आवरत नाही. चरकाचार्यांनी अतिस्थौल्याच्या हेतूंमध्ये बीजस्वभावाची गणना केली आहे. वडील किंवा चुलते पन्नाशीच्या आत अकस्मात गेले, असा इतिहास देणाऱ्या तरुण पैलवानाकडे पाहताना तो शब्द आठवावा.

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, कराटे या सर्व द्वंद्वक्रीडांचे स्वरूप पळण्याच्या शर्यतीहून भिन्न आहे. गादीवरील फ्रीस्टाईल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते व मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. एवढ्या अल्प वेळात सर्व बल पणास लागते, श्वास रोखून पकड घट्ट धरली जाते आणि त्या क्षणी रक्तदाब पुष्कळ चढतो. वर्षानुवर्षांच्या या भाराने हृदयाची भित्ती काहीशी जाड होते, कोष्ठ रुंदावतात, विश्रांतीच्या वेळची नाडी ५०च्या आसपास येते. ई.सी.जी.मध्येही काही बदल दिसतात. सरावात असलेल्या व काही तक्रार नसलेल्या मल्लात हे बहुधा स्वाभाविक समजावे. परंतु लढतीच्या ऐन श्रमात चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा कुळात अल्पवयीन आकस्मिक मृत्यू असणे, यांपैकी काहीही आढळल्यास हृद्‌स्नायूंच्या जन्मजात अतिवृद्धीची शंका घेऊन इकोकार्डिओग्राफी करवून घ्यावी, व तोवर आखाडा बंद ठेवावा. येथे वस्तादाची नाराजी पत्करावी लागते. ती पत्करावी.

प्रयोगशाळेच्या अहवालाबाबत एक व्यवहारातील सूचना. जोरदार मेहनतीनंतर स्नायूंतून सी.पी.के. व एस.जी.ओ.टी. ही द्रव्ये रक्तात उतरतात. लढत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त घेतले व एस.जी.ओ.टी. वाढलेले दिसले, म्हणून तरुण पैलवानास यकृतविकाराची औषधे सुरू केल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. तपासणीपूर्वी काही दिवस विश्रांती देऊन मग रक्त घ्यावे.

अर्धशक्ती

आपल्या संहितांनी व्यायामाची स्तुती केली, तशी त्याची मर्यादाही सांगितली आहे. वाग्भटाचार्य दिनचर्याध्यायात बलवान व स्निग्धभोजी पुरुषानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहूनही मंद करावा, असे म्हणतात. सुश्रुताचार्यांनी अर्धशक्ती ओळखावयाची खूणही दिली आहे : हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर येऊ लागला की अर्धे बल संपले असे समजावे. आजचे क्रीडावैद्यकही याच धर्तीवर सांगते, की व्यायाम करताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये. त्यापलीकडे श्रम तीव्र होतात. सामान्य रुग्णासाठी याहून सोपे मापन आम्हांस ठाऊक नाही.

मल्ल मात्र अर्धशक्तीवर थांबू शकत नाही. त्याचा व्यवसायच पूर्ण शक्तीचा आहे. शिवाय गावोगावच्या यात्रांचे फड चैत्र-वैशाखात रंगतात, म्हणजे शास्त्राने अर्ध्या शक्तीचा व्यायाम सांगितलेल्या काळातच त्याला सर्वाधिक झुंजावे लागते. यास्तव त्याची गणना स्वस्थवृत्तातील सामान्य व्यायामी पुरुषात न करता स्वतंत्र करावी, असे आमचे मत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २६व्या अध्यायात हृद्‌रोगाचे जे हेतू दिले आहेत, त्यांत आरंभीच व्यायाम येतो; पुढे अतिविरेचन, छर्दी, कर्शन आणि अभिघात हेही येतात. विद्यार्थिदशेत ही यादी आम्ही पाठ केली, परंतु हे सर्व एकाच रुग्णात एकत्र कसे भेटावे, असा प्रश्न पडत असे. वजन उतरविणारा पैलवान पाहिल्यावर त्याचे उत्तर मिळाले.

वजन उतरविणे

राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात ज्या कुस्त्या गाजल्या, तेथे जोड ठरविताना वस्तादांची नजर हाच काटा असे. वजनगटांच्या स्पर्धांबरोबर खरा काटा आला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते ५७ किलो गटात. आज तालुका पातळीवरील मुलासही स्वतःच्या वजनाहून खालच्या गटात उतरण्याचा मोह होतो. मग दोन दिवस पाणी तोडणे, रबरी पोशाख घालून उन्हात धावणे, घशात बोटे घालून वमन करणे, रेचके व मूत्रल गोळ्या घेणे असे प्रकार सुरू होतात. पॅरिस येथे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी केवळ १०० ग्रॅम अधिक भरल्या व अपात्र ठरल्या. त्यापूर्वीच्या रात्री वजन घटविण्यासाठी काय काय करावे लागले, हे सर्वांनी वाचले आहे.

याहून भीषण घटना अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घडली. साधारण एका महिन्याच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविताना दगावले. तिघेही उष्ण जागेत, घाम बाहेर न जाऊ देणारा पोशाख घालून व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने रबरी पोशाख, उष्ण खोल्या, मूत्रल औषधे, रेचके व कृत्रिम वमन यांवर बंदी घातली. ही बंदीची यादी आणि चरकाचार्यांची हेतूंची यादी शेजारी ठेवून पाहावी.

अशा कर्शनात रक्तातील द्रवभाग घटतो, हृदयाची गती वाढते, पोटॅशियमसारखी लवणे ढळतात व हृदयाच्या स्पंदनात विकृती येण्याचा धोका उत्पन्न होतो. या अवस्थेत कोलेस्टेरॉल तपासले तर रक्त घट्ट झाल्याने आकडाही फसवा येतो. हे सर्व येथे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की स्पर्धेच्या आदल्या दिवशी 'एखादा चांगला जुलाब द्या' म्हणून तरुण आपल्या दारात येतात. पंचकर्म करणाऱ्या वैद्याने विरेचन हे शोधनकर्म आहे, काट्यावरील वजन घटविण्याचे साधन नव्हे, असे स्पष्ट सांगून त्यास परत पाठवावे. इच्छाभेदी मागणाऱ्या पैलवानास ती न देणाऱ्या औषधविक्रेत्याचेही आम्ही मनापासून स्वागत करू.

खुराक

आता मुख्य विषयाकडे वळतो. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास ग्रंथात मल्लविनोदाचा स्वतंत्र भाग असून त्यात मल्लांच्या आहाराचाही विचार आहे. म्हणजे मल्लास विशेष आहार द्यावा ही आपली परंपरा पुरातन आहे. सांप्रतच्या तालमीत म्हशीचे दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, अंडी व मटण असा खुराक चालतो. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणे हा तर अभिमानाचा विषय.

थोडा हिशेब करू. म्हशीच्या दोन लिटर दुधात सुमारे १३० ग्रॅम स्नेह असतो व त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग संपृक्त असतो. शंभर ग्रॅम तुपातून ९०० कॅलरी मिळतात. दूध व तूप मिळून सुमारे ३००० कॅलरी झाल्या, आणि अद्याप भाकरी व मटण बाकीच आहे. मेहनत करणारा पंचविशीतील पैलवान त्यातील पुष्कळ भाग खर्ची घालतो. त्याचा जाठराग्नी प्रदीप्त असतो, मांसधातूची मागणी मोठी असते. तथापि सरावातील मल्लाचे एल.डी.एल. सदैव उत्तम असेल असेही गृहीत धरू नये. संपृक्त स्नेहाचा परिणाम व्यायामाने पूर्णपणे पुसला जात नाही.

खरी विकृती आखाडा सुटल्यावर होते. लग्न, नोकरी, गुडघ्याची दुखापत, कधी घरची शेती अशा कारणाने मेहनत एका महिन्यात थांबते. जिभेची, पोटाची आणि घरच्यांच्या मायेची सवय मात्र थांबत नाही. आई तांब्याभर दूध ठेवतेच. चरकाचार्यांनी अतिस्थूलाचे जे हेतू सांगितले त्यांत गुरू-मधुर-शीत-स्निग्ध आहाराचे अतिसेवन, अव्यायाम, दिवास्वप्न व निश्चिंतता ही आहेत. निवृत्त पैलवानाची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांस यावर भाष्य नको. मेदोवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणेही अशीच सांगितली आहेत. काही आठवड्यांतच लायपेजची कार्यशक्ती घटते, ट्रायग्लिसराइड चढू लागते, एच.डी.एल. उतरते, मांस घटून उदरात मेद साचतो. बाहेरून देह तसाच भरदार दिसतो, आणि पाहणारा फसतो. आम्ही तर फसलोच.

जपानमधील सुमो मल्लांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. सरावातील सुमो मल्लांचा मेद बव्हंशी त्वचेखाली असतो, उदरातील इंद्रियांभोवती अल्प असतो, असे तेथील सी.टी. स्कॅनच्या अभ्यासांत आढळले. एवढा प्रचंड देह असूनही अनेकांची रक्तशर्करा व ट्रायग्लिसराइड ठीक राहते. तथापि सुमो मल्लांचे आयुर्मान सामान्य जपानी पुरुषापेक्षा कमीच भरते. कोलेस्टेरॉल म्हणजेच मेदोधातू, असे सरसकट समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. पण प्रमेहाच्या संप्राप्तीत आलेली 'बहु अबद्ध मेद' ही कल्पना उदरस्थ मेदाच्या संदर्भात अवश्य विचारात घ्यावी.

औषधविक्रेत्यांसाठी

पैलवान वैद्याकडे येण्याआधी दुकानात येतो. म्हणून दोन-तीन गोष्टी.

शरीर झपाट्याने भरावे म्हणून घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स एच.डी.एल. फार खाली आणतात व एल.डी.एल. वाढवितात. औषध थांबविल्यावर काही महिन्यांत आकडे सुधारू शकतात. हृद्‌स्नायूची झालेली हानी मात्र राहू शकते. विशी-पंचविशीच्या सरावातील मल्लाचे एच.डी.एल. विशीच्या खाली दिसले, तर त्यास एकांतात विचारावे. त्याचप्रमाणे घटकद्रव्ये न छापलेल्या 'वजन वाढविण्याच्या' पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत आधुनिक स्टेरॉइड मिसळलेले सापडण्याचे प्रकार घडतात आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो.

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत 'मला ठाऊक नव्हते' ही सबब खेळाडूस वाचवीत नाही, आणि २०२२ पासून आपल्या देशात याविषयी स्वतंत्र कायदाही आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणजे अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटी स्पर्धक मल्लास देणे त्याच्या कारकिर्दीस घातक ठरू शकते. सोमलतेतील एफेड्रिनचेही तसेच, शिवाय ते नाडीची गती व रक्तदाब वाढविते.

गुग्गुळाविषयीही प्रामाणिक राहावे. मेदोहर म्हणून आपण तो सर्रास देतो. परंतु २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुग्गुळाच्या सत्त्वाने आठ आठवड्यांत एल.डी.एल. घटण्याऐवजी किंचित वाढल्याचे आढळले. ते प्रमाणित सत्त्व होते, आपले कल्प नव्हते, आहारविहारही तेथील. हे आक्षेप आम्हीही घेतो. तरी केवळ गुग्गुळावर हृद्‌रोग्यास सोडून देण्याचे धाडस आता आम्ही करीत नाही. प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाने घटते, हेही विक्रेत्याने ध्यानात ठेवावे.

चिकित्सेचा क्रम

आमचा हल्लीचा परिपाठ असा. चाळिशी ओलांडलेल्या माजी मल्लास छातीत जळजळ, जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात ओढ, श्रमाने वाढणारी धाप यांपैकी काहीही असेल, तर चूर्णाची पुडी बांधण्याआधी ई.सी.जी. एक ई.सी.जी. निर्दोष आला म्हणून निश्चिंत होत नाही. श्रमाशी संबंध स्पष्ट असेल तर हृद्‌रोगतज्ज्ञाकडे पाठवितो, आणि त्रास विश्रांतीतही चालू असेल तर त्याच क्षणी रुग्णालयात. तक्रार नसलेल्यांचे कंबरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा व लिपिड तपासणी करवितो.

खुराक एकदम तोडू नये. पैलवान ते पाळत नाही, आणि त्याचा तो अपमान समजतो. प्रथम दूध निम्म्यावर व साय काढलेले, मग तूप दिवसास एक-दोन चमचे, मटण आठवड्यातून एकदा. तांबड्या रश्श्यावरील तर्रीबाबत आमची बोलणी अनेकांशी अद्याप चालू आहेत. बदाम मूठभर राहू द्यावेत; त्यांत कोलेस्टेरॉल नसते. भाकरी ज्वारीची, सोबत यव, कुळीथ, मूग व ताक. दिवसाची झोप बंद. अपतर्पण करताना आहार गुरू पण अल्पपोषक असावा, हे चरकाचार्यांचे सूत्र येथे फार उपयोगी पडते, कारण पैलवानाचे पोट मोठे असते व ते भरल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. व्यायाम म्हणून जुन्या जोरांची संख्या गाठण्याचा हट्ट धरू देत नाही. रोज अर्धा ते पाऊण तास चालणे, सुश्रुताचार्यांच्या खुणेपर्यंत, त्याखेरीज काही सूर्यनमस्कार. अर्जुनक्षीरपाक देताना दूध साय काढलेलेच घ्यावे. तज्ज्ञांनी दिलेले स्टॅटिन, ॲस्पिरिन आदी आम्ही स्वतःच्या अधिकारात कधीही बंद करीत नाही.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ झटक्यानंतर महिनाभराने पुन्हा आमच्याकडे आले. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी विषय बदलला. दीड वर्षात त्यांचे वजन १०४ वरून ९३ किलो झाले, ट्रायग्लिसराइड १६८, एच.डी.एल. ३६ व एल.डी.एल. ७४ वर आले. एल.डी.एल.चे श्रेय बहुतांशी स्टॅटिनचे आहे. ट्रायग्लिसराइड व वजनात त्यांच्या चालण्याचा व पत्नीच्या स्वयंपाकघराचा वाटा मोठा. मागील भेटीत ते आपल्या धाकट्या मुलास घेऊन आले होते. वय १९, तालमीत तिसरे वर्ष, दूध दोन लिटर. आम्ही त्याचा ई.सी.जी. काढला व लिपिड तपासणीसाठी लढतीविना तीन दिवस गेल्यावर येण्यास सांगितले आहे.